कातडी आणि पायबंद

'ठसा' हा मराठी शब्द मोठा सोयीचा आहे. ज्या लाकडाच्या किंवा धातूच्या तुकड्यावरून छापायचे तो ठसा. छापल्यावर कागदावर जे उमटते तोही ठसा. आणि एखाद्या कृतीचा वाचकाच्या मनावर मागे राहणारा परिणाम, त्यालाही आपण ठसाच म्हणतो. साधन, फलित आणि संस्कार या तिन्हींना सामावून घेणाऱ्या या शब्दात एक गोष्ट मात्र बाहेर राहते: ज्याचा ठसा घेतला असे आपण मानतो, ती मूळ वस्तू. प्राण्याचे मुद्राचित्र समोर आले की ही उणीव विशेष जाणवते. चिखलात उमटलेला वाघाचा पंजा आणि कागदावर उमटलेला वाघ, दोन्ही ठसेच. पण पहिल्यासाठी वाघ प्रत्यक्ष तेथून गेलेला असावा लागतो, दुसऱ्यासाठी तशी काही अट नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत पहिले निर्देशक चिन्ह आणि दुसरे सादृश्यचिन्ह, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो. तो तसा मिटत नाही असे मला वाटते, आणि याचे कारण एक विशिष्ट चित्र आहे. ते म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूररचा १५१५ सालचा गेंडा.

हा गेंडा आपल्याकडचा. १५१४ मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. दीव येथे किल्ला बांधू द्यावा, ही मागणी होती. सुलतानाने ती मान्य केली नाही. नकाराबरोबर भेटवस्तू मात्र दिल्या, आणि त्यांत एक जिवंत गेंडा होता. तो गोव्याला आला. जानेवारी १५१५ मध्ये आल्बुकर्कने त्याला जहाजावर चढवून राजा मानुएलकडे रवाना केले. सोबत त्याची देखभाल करणारा एक हिंदी माणूस होता; त्याचे नाव पोर्तुगीज कानांनी 'ओसेम' असे टिपून ठेवले आहे. २० मे रोजी जहाज लिस्बनला लागले. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरण्याची ही पहिलीच वेळ. हत्ती आणि गेंडा हे जन्माचे वैरी असल्याचे प्लिनीने लिहून ठेवले होते. तेव्हा राजाने ३ जूनला दोघांना समोरासमोर आणवले. हत्ती कोवळ्या वयाचा होता, तो पळून गेला, आणि जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचे एक विधान खरे ठरल्याचे समाधान सर्वांना मिळाले. जुन्या संहितेने प्रत्यक्ष घटनेचे नेपथ्य कसे आधीच रचून ठेवलेले असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

लिस्बनहून न्यूरेंबर्गला एक पत्र गेले. ते लिहिणारा वालेंतीम फर्नांदिश हा मोराव्हियातून येऊन लिस्बनमध्ये स्थायिक झालेला मुद्रक होता, हा तपशील मला अर्थपूर्ण वाटतो. पत्राची मूळ जर्मन प्रत हरवली आहे. तिचे इटालियन भाषांतर फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. अशाच टपालातून कोणा अज्ञात हाताने काढलेले एक रेखाटनही ड्यूररपर्यंत पोहोचले असावे. तेही आज उपलब्ध नाही. ड्यूररने गेंडा पाहिला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही. हाती आलेल्या शब्दांवरून आणि रेघांवरून त्याने आधी बोरूने एक चित्र काढले, जे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग त्याचा लाकडी ठसा करवला. ताम्रपटावरील नाजूक कोरीवकामात तो सिद्धहस्त होता. तरी येथे त्याने लाकूड निवडले, कारण लाकडी ठशावरून कमी खर्चात पुष्कळ प्रती निघतात. चित्राच्या वर जर्मन मजकूर छापला आहे. प्राण्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा, अंगावर जाड कवचे, आकार हत्तीएवढा पण पाय आखूड, नाकावरचे शिंग तो दगडावर पाजवतो, हत्ती त्याला भितो, असा त्याचा आशय. आणि लिस्बनला आगमनाचे साल १५१५ ऐवजी १५१३ पडले आहे. म्हणजे चित्राइतकाच त्याचा मजकूरही ऐकीव आहे.

येथे ड्यूररच्याच दुसऱ्या एका कृतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १५०२ साली त्याने जलरंगात एक ससा रंगवला. त्याच्या कानांची पारदर्शक कड, केसांचे वळण, डोळ्यात पडलेले खिडकीचे प्रतिबिंब, हे सारे पाहणाऱ्याच्या नजरेचे पुरावे आहेत. तो ससा एका कागदावर राहिला. ड्यूररने त्याचा ठसा केला नाही. जे पाहिले ते एकमेव राहिले, आणि जे पाहिले नाही ते हजारो घरांत गेले. आणखी पाच वर्षांनी, १५२० च्या डिसेंबरात, झेलंडच्या किनाऱ्यावर एक प्रचंड देवमासा वाहून आल्याचे ऐकून हाच ड्यूरर भर थंडीत तिकडे निघाला. वाटेत त्याचे जहाज बुडता बुडता वाचले. तो पोहोचला तेव्हा भरतीने देवमासा परत नेला होता. पाहण्याची एवढी तहान असलेल्या माणसाने न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र इतक्या ठामपणे का काढले असावे? याचे उत्तर मानसशास्त्रात शोधण्यापेक्षा ठशाच्या स्वभावात शोधावे, असे माझे मत आहे. ठशाला शंका छापता येत नाही. चित्रकार पुसट रेघ ओढून 'बहुधा असे असावे' असे सुचवू शकतो. लाकडात एक तर रेघ उरते किंवा उरत नाही.

समीक्षाशास्त्रात या गेंड्याने मोठे नाव कमावले आहे. अन्स्ट गॉम्ब्रिचने 'आर्ट अँड इल्युजन' (१९६०) मध्ये त्याला उभे केले ते एक सिद्धांत मांडण्यासाठी: चित्रकार निसर्गाकडे कोऱ्या नजरेने पाहत नाही, त्याच्याजवळ आधीच एक साचा असतो आणि पाहणे म्हणजे त्या साच्याची दुरुस्ती करणे. न्यूरेंबर्ग हे चिलखतकारांचे शहर. तेव्हा ड्यूररच्या गेंड्याची कातडी पोलादी पत्र्यांसारखी सांध्यांत जोडलेली दिसते, पत्र्यांच्या कडांना खिळ्यांसारखे ठिपके दिसतात, पायांवर खवले येतात, आणि खांद्यांवर एक लहानसे पिळदार शिंग उगवते जे कोणत्याही गेंड्याला नसते. जेम्स ब्रूसने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात, आपण गेंडा प्रत्यक्ष पाहून काढवल्याचे सांगून ड्यूररला दोष दिला. पण त्याच्या आफ्रिकी, दोन शिंगांच्या गेंड्याच्या अंगावरही भारतीय गेंड्याच्याच घड्या पडल्या आहेत, ज्या आफ्रिकी जातीला नसतात. उंबेर्तो इको आणखी पुढे जातो. त्याच्या मते ते खवले खोटे म्हणता येणार नाहीत. छायाचित्रात सपाट दिसणारी कातडी स्पर्शाला जशी खडबडीत असते, ते सांगण्याची ती रूढ खूण आहे, आणि म्हणूनच खवले नसल्याचे ठाऊक असलेले निसर्गशास्त्रज्ञही ती वापरत राहिले.

अनुकृतीचा प्रश्न शिकवताना ही दोन्ही विवेचने हाताशी असणे ही शिक्षकाची चैन असते. एक चित्र, दोन सिद्धांत, तासाची सोय. वर्गात हे चित्र दाखवताना एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा बांधलेला तर दिसत नाही. मग चित्र काढणाऱ्यासमोर उभा कसा राहिला?" चित्रकाराने तो पाहिलाच नव्हता, हे उत्तर बरोबर आहे, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. लिस्बनमध्ये ज्या कोणी पहिले रेखाटन केले त्याच्यासमोर तो प्राणी उभा होता, आणि तो मोकळा असणे शक्य नव्हते. गॉम्ब्रिच आणि इको यांची सारी चर्चा कातडीची आहे: ती खरी किती, संकेतबद्ध किती. पायांकडे दोघांचेही लक्ष नाही.

लक्ष जावे असे चित्र उपलब्ध आहे. त्याच १५१५ साली आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही या गेंड्याचा लाकडी ठसा केला. त्यानेही प्राणी पाहिलेला नव्हता. त्याच्याही हाती लिस्बनहून आलेलेच काही असणार. त्याचा गेंडा थोडा केसाळ, थोडा बोजड, चेहऱ्याने काहीसा खिन्न आहे. खांद्यावरचे शिंग नाही, चिलखत नाही. कातडी कातडीसारखी लोंबते. आणि त्याच्या पुढच्या दोन पायांना पायबंद आहे. या ठशाची एकच प्रत आज उरली आहे, ती व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहात. ड्यूररच्या ठशाच्या मात्र त्याच्या मृत्यूनंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. कोनराड गेस्नरच्या प्राणिकोशात १५५१ मध्ये त्याचीच नक्कल गेली आणि पुढे दोन शतके युरोपातील पुस्तकांत, भांड्यांवर, भित्तिपटांवर हाच गेंडा फिरला. अभ्यासक या दोहोंची तुलना करून बुर्कमायरचे चित्र निसर्गाला अधिक जवळचे असल्याचा निर्वाळा देतात. निर्वाळा योग्य आहे, पण पायबंद ही 'निसर्गाला' जवळची गोष्ट नाही. ती इतिहासाला जवळची आहे.

या भेदाचे वजन मला हातांनी कळले. एका उन्हाळ्यात मी हौसेने लाकडी ठसे कोरायला शिकलो. विषय साधा घेतला होता: गोठ्यातला बैल. लाकडी ठशात रेघ कोरली जात नाही. रेघ सोडून तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकावे लागते. म्हणजे जे दिसते ते सारे राखलेले असते, आणि जे पांढरे दिसते तेथे हाताने खपावे लागलेले असते. बैलाचे वशिंड, पोटाची गोलाई, शिंगे, ही भराभर झाली. अडले ते दाव्यापाशी. खुंटीपासून गळ्यापर्यंत जाणारी ती एक सैल, बारीक रेघ, मोकळ्या पांढऱ्या जागेत एकटी उभी राहायची. तिच्या दोन्ही अंगांनी लाकूड काढताना ती कधी तुटेल याचा नेम नाही. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "दावं सोडून द्या, बैल कळतोय." सल्ला कारागिराचा होता, आणि कारागीर म्हणून बिनचूक होता. दाव्याशिवाय बैल कळतोच. फक्त तो कोणाचा, हे कळत नाही.

त्या काळी चित्रकार फळीवर रेखाटन करी आणि कोरण्याचे काम बहुधा पेशेवर कारागीर करीत. तेव्हा बुर्कमायरच्या ठशातील पायबंद हा दोन माणसांनी, दोन वेळा घेतलेला निर्णय आहे. ड्यूररच्या बाजूने श्रम वाचवण्याचा मुद्दा मांडता येत नाही. त्याच्या गेंड्याच्या अंगाचा वीतभर भागही रेघांवाचून राहिलेला नाही. ज्या कारागिराने शेकडो खवले राखले त्याने एक दोरी सहज राखली असती. हाती आलेले रेखाटन हरवले असल्यामुळे ड्यूररवर हेतूचा आरोप करण्यात अर्थ नाही, आणि हेतू हा माझा विषयही नाही. छापलेला कागद काय करतो हा विषय आहे. तो एका कैद्याला योद्धा करतो. बंधनाची सारी सामग्री, जाडी, जोड, खिळे, पोलाद, पायांवरून उचलून अंगावर चढवली जाते, आणि जे बाहेरून घातलेले होते ते प्राण्याचे जन्मजात वाटू लागते. या रूपांतराला अलंकारशास्त्रातले कोणते नाव द्यावे ते सुचत नाही. अपह्नुती जवळची वाटते, कारण तिच्यात एकाचा निषेध करून त्याच जागी दुसऱ्याची स्थापना केलेली असते.

हा मुद्दा केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, हे गेंड्याच्या अखेरीवरून दिसते. डिसेंबर १५१५ मध्ये मानुएलने त्याला पोप दहावा लिओ याच्यासाठी पुन्हा जहाजावर चढवले. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा होता. १५१६ च्या आरंभी इटलीच्या लिगुरियन किनाऱ्यालगत वादळात जहाज बुडाले. भारतीय गेंडा उत्तम पोहतो. आसामच्या पुरात नद्या ओलांडणारे गेंडे आपल्याकडे नवलाचे नाहीत. हा गेंडा बुडाला, कारण तो साखळीने जहाजाला जखडलेला होता. त्या सुमारास ड्यूररचा मोकळा गेंडा बाजारात विकला जात होता.

आता एक सोपे वाचन समोर उभे राहते आणि आजच्या अभ्यासकाला त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. एडवर्ड सैदच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) नंतर असे म्हणणे अवघड राहिलेले नाही की युरोपने पूर्वेचा एक प्राणी पळवला, त्याला न पाहता त्याचे चित्र रचले, त्या चित्राला ज्ञान म्हटले, आणि दोरी लपवली. यातील प्रत्येक विधानात काही तथ्य आहे. तरी सबंध वाचन मला पटत नाही. गेंडा पळवलेला नव्हता, दिलेला होता. पोर्तुगीज हाती पडण्यापूर्वी तो सुलतानाच्या दरबारात होता, आणि तेथेही तो आपल्या इच्छेने आला नव्हता. किल्ला नाकारायचा आहे, पण शत्रुत्वही नको, अशा राजकारणातली ती एक सभ्य खूण होती. पहिला पायबंद येथे, आपल्या हाताने पडला. 'आपण' आणि 'ते' या द्वंद्वात प्राण्याला आपल्या बाजूला उभे करून त्याच्या वतीने तक्रार मांडणे, ही त्याला तिसऱ्यांदा भेट म्हणून वापरण्याची रीत आहे. आणि ओसेम? तो कोणत्याच चित्रात नाही, पायबंदासह असलेल्या चित्रातही नाही. वासाहतिक चर्चाविश्वाच्या टीकेला सुलतान सापडतो, गव्हर्नर सापडतो. महिनोन्‌महिने त्या प्राण्याशेजारी जहाजावर झोपलेला माणूस सापडत नाही.

मराठीकडे वळायचे तर भाषेनेच एक विलक्षण साक्ष देऊन ठेवली आहे. जनावर बांधण्याचे आपल्याकडे केवढे शब्द आहेत: दावे, दावण, वेसण, कासरा, म्होरकी, मुसके, लोढणे, पायबंद, घोड्यासाठी अगाडी-पिछाडी, हत्तीसाठी साखळदंड. आणि यांतल्या बहुतेकांनी वाक्प्रचारांत घर केले आहे. खर्चाला वेसण घालतात, महत्त्वाकांक्षेला पायबंद घालतात, गळ्यात लोढणे अडकते, पक्षाच्या दावणीला माणसे बांधली जातात. या वाक्प्रचारांतून जनावर निघून गेले आणि दोरी तेवढी राहिली. गेंड्याचे नेमके उलटे झाले. तो आपल्या गोठ्यात कधी आला नाही. त्याच्यासाठी वेगळ्या दोरीचे नाव आपण घडवले नाही. म्हणून मराठीत गेंड्याची उरली ती फक्त कातडी: निंदेने ज्याला काही होत नाही तो गेंड्याच्या कातडीचा. पाली परंपरेतील 'खग्गविसाण' सुत्तात हाच प्राणी एकांतवासी साधकाचे उपमान आहे. उपमान गेंडा की त्याचे शिंग, यावर पंडितांचा वाद आहे. तो एकटेपणा मराठीत उतरला नाही. मराठी म्हण घडवणाऱ्यांनी ड्यूररचे चित्र पाहिले असण्याचा संभव नाही, पण दोघांनीही प्राण्याचे सारे अस्तित्व त्वचेत आणून ठेवले, आणि दोघांच्याही रचनेत त्या त्वचेला काही लागत नाही.

आपल्या समीक्षेलाही या सवयीची लागण आहे असे मला वाटते. प्राणिजीवनावरच्या मराठी लेखनाचे कौतुक आपण ज्या शब्दांत करतो ते बहुतेक कातडीचे शब्द असतात: निरीक्षण सूक्ष्म आहे, चित्रण हुबेहूब आहे, तपशील अचूक आहे. व्यंकटेश माडगूळकर चित्रेही काढीत, म्हणून त्यांच्या गद्याला 'रेखाटनाचा गुण' बहाल करणे तर ठरून गेलेले. पण 'सत्तांतर'मधील (१९८२) वानरांच्या टोळ्या ज्या नजरेसमोर वावरतात ती नजर कोठे उभी आहे, किती अंतरावर, आणि तेथवर येण्याची मुभा तिला कोणी दिली, हा प्रश्न त्या कादंबरीच्या चर्चेत सहसा मध्यभागी येत नाही. याउलट ग्रामीण कथेतला बैल दाव्यासकट येतो, कर्जासकट, बाजारच्या दिवसासकट येतो; आणि आपण त्याला प्राणिचित्रण न म्हणता सामाजिक वास्तव म्हणून दुसऱ्या खान्यात टाकतो. वाङ्मयप्रकारांची ही वाटणी मूलतः दोरी दिसते की नाही यावर झालेली आहे. मोकळा प्राणी 'निसर्ग', बांधलेला प्राणी 'समाज'. बुर्कमायरचा गेंडा या वाटणीत कोठे बसवायचा?

ड्यूररच्या फळीचे पुढे काय झाले, हे मुद्राचित्रांच्या अभ्यासकांनी एकेका प्रतीवरून नोंदवले आहे. फळी जुनी होत गेली तशी तिला भेग पडली, आणि आवृत्तीगणिक ती रुंदावत गेली. ही भेग गेंड्याच्या पायांतून आडवी जाते. सतराव्या शतकात, १६२० च्या सुमारास, फळी ॲमस्टरडॅमच्या विलेम यान्सेनकडे आली तेव्हा तिच्या कडांचे टवके उडाले होते आणि लाकडाला कीड लागून जागोजाग छिद्रे पडली होती. त्याने दुसऱ्या फळीवरून हिरवट आणि निळसर राखाडी छटा चढवून चित्र पुन्हा छापले. किडीने लाकूड पोखरताना नकळत अक्षर उमटावे, त्याला आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. येथे अक्षर उमटले नाही, नुसते ठिपके उमटले. फळीवर शाई फिरवली की छिद्रे ती घेत नाहीत, आणि कागदावर काळ्या रेघांच्या मधोमध बारीक पांढरे टिंब राहते. ज्या फळीजवळ गेंडा कधी फिरकला नव्हता, तिच्यात या किडी पिढ्यान्‌पिढ्या राहून गेल्या होत्या.